उणे तीन

उगावला त्या रात्री पारा साडेचारवर उतरला
आणि माझ्या वसाहतीतही नेमकी थंडीची लाट आली.
वर लाल पट्टी: पिकं मरू शकतात.
भात चौऱ्याऐंशी टक्के, बटाटा एकसष्ट,
मका नुकता गुडघ्याला.
गोधडीतून एक हात बाहेर काढून मी सगळ्यांना उठवलं,
माउसच्या एका ओढीत
तेरा माणसं अंथरुणातून थेट बांधावर.
कुणी कुरकुरलं नाही.
कुरकुरतात, पण ती आकड्यांत.

बाहेर आण्णा द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत होते,
खाली पाचट, वर ओला पाला,
धूर मांडवाखाली कोंडायला हवा.
"चार ओळींआड एक ठेव रे," कुणाला तरी ओरडून सांगत.
मला हाक मारली नाही.
माझ्याही नावापुढे एखादा तक्ता असता तर
त्यात लिहिलेलं असतं:
शेतीकाम जमत नाही. सातपूरला नोकरी.

वसाहतीतली नावं मीच बदललेली.
आधीची परदेशी, जिभेला न वळणारी,
म्हणून आमच्या बागेतल्या टोळीची दिली.
काळू गावित: दगड फोडण्यात पटाईत, रात्री जागा.
सोमा महाले: आगीला भितो.
यमुना भोये: शेती अठरा, वीसपैकी.
अठरा मी दिले नव्हते. ते आधीच होते,
आणि घडातले मणी विरळताना तिची कात्री
ज्यानं एकदा पाहिली आहे
त्याला दुसरं नाव सुचलंच नसतं.

पाचच्या सुमाराला खरी यमुना पडवीत आली,
काडेपेटी मागायला. धुरानं डोळे लाल.
स्क्रीन बघून थबकली.
"भात हाय का ह्यो?"
भातच.
"लावला कवा?"
अर्ध्या तासापूर्वी.
ती हसली नाही. वाकून नीट पाहिलं.
"राब भाजला नाय, चिखल नाय, आवणी नाय."
मग, "नागली नाय का होत यात?"
यादीत नाही.
"वरई?"
नाही.

मी तिला तिचं नाव दाखवलं, कौतुकानं.
अठरा, वीसपैकी, असंही सांगितलं.
विळा घेऊन हिरव्यातून सरकणारी बोटभर बाई,
शेजारी तिच्या मनाची पट्टी, पिवळी पडलेली.
"ते काय लिव्हलंय?"
मी वाचायला लागलो आणि मग थांबता येईना.
झोपमोड: उणे आठ.
जमिनीवर झोपली: उणे चार.
टेबलाशिवाय जेवली: उणे तीन.

"हे उणं कोण लावतं?"
आपोआप लागतं.
"आन् मग?"
फार झालं की काम टाकून निघते. भांडी फोडते. भटकते.
"कुठं जाते?"
कुठं नाही. नकाशाच्या कडेपर्यंत.

ती त्या कडेकडे बघत राहिली.
पलीकडे काही काढलेलंच नाही, नुसता करडा रंग.
"झोपू दे तिला," म्हणाली.
भात जाईल ना.
"जाऊं दे. काळ्याला लाव. तो जागाच असतो म्हनं."

वेळापत्रक उघडलं.
दिवसाचे चोवीस चौकोन, सगळे निळे केले.
बाई वाफ्यात मधेच थांबली,
सरळ चालत कोठारापाशी गेली
आणि पलंग नव्हता म्हणून
भिंतीला पाठ लावून आडवी झाली.
"तिथंच?" यमुना म्हणाली.
शेडमध्ये, खताच्या गोण्यांपलीकडे,
तिची स्वतःची चादर पसरलेली असणार.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

काडेपेटी घेऊन ती गेली.
भाताच्या बावीस चौकोनांवर पांढरं चढलं.
मी लाकूड मोजलं. एकशे दहा.
पलंगाला पंचेचाळीस, टेबलाला जरा जास्त.
काळूला सुतारकाम येत नाही,
सोमा शेकोटीपासून लांब उभा.
जागा आखून ठेवली फक्त.

बाहेर धुरातून तिचा आवाज आला,
कुणाला तरी सांगत होती, हसत,
"आरं, मला अठरा मार्क पडलेत."